मोडीचा भाव, नगाचा भाव

पर्वरीहून कळंगुटकडे जाणाऱ्या चोगम रस्त्यावरील जुन्या व हातबनावटीच्या गृहवस्तूंची दुकाने आता गोमंतकीयांच्या सवयीची झाली आहेत. न्हाणीघरातला तांब्याचा बंब तेथे दिव्याचा खांब होऊन उभा राहतो, पितळी घंगाळात पाणी भरून वर पाकळ्या सोडल्या जातात, भाकरीचे पीठ मळण्याची काठवट फळांची परडी होते. अशा दुकानात प्रत्येक वस्तूला चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवरची किंमत नगाची असते. तसेच एखादे घंगाळ सुरतेच्या पांडेसरा भागातील भाड्याच्या खोलीतून बाहेर पडते, तेव्हा त्याला चिठ्ठी नसते. ते थेट काट्यावर चढते आणि किलोच्या हिशेबाने विकले जाते. जुन्या वस्तूंच्या व्यापारातील सारा नफा या दोन भावांच्या मधल्या अंतरात असतो. ते अंतर कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न मात्र या व्यवसायाविषयीच्या कौतुकाच्या लेखांत सहसा विचारला जात नाही.

पांडेसरा गोव्यात फारसे परिचित नाही. सुरतेच्या दक्षिणेला, उधन्याच्या पलीकडे, रंगाई-छपाईच्या गिरण्यांची ही औद्योगिक वसाहत. देशभर नेसल्या जाणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या साड्यांना येथे रंग चढतो. ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश येथून आलेल्या कामगारांबरोबरच जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतील मराठी कुटुंबे येथे आणि शेजारच्या लिंबायत, डिंडोली भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापी खोऱ्यातून टाकलेल्या लोहमार्गाने उधना हे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगावशी जोडले गेले, आणि त्या मार्गाने खानदेश सुरतेत येत राहिला. या वस्तीचे वजन किती, हे सुरत महापालिकेच्या शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळांवरून कळते. नवसारी मतदारसंघाचे खासदार व केंद्रीय जलशक्तिमंत्री सी. आर. पाटील जन्माने जळगाव जिल्ह्यातले आहेत, यावरूनही कळते. घरात अहिराणी, कारखान्यात हिंदी, बाजारात गुजराती अशी या माणसांची दिनचर्या आहे.

गावाकडून येताना ही कुटुंबे भांडी घेऊन आली. लग्नात रुखवतात मांडलेली घागर, परात, गुंडी, समई, तांब्या-पेले. त्यांवर ठोक्याठोक्याने कोरलेली नावे असत: कोणाकडून कोणास, कोणत्या निमित्ताने, कोणत्या सालात. पण दहा-बारा फुटांच्या खोलीत सहा माणसे झोपतात, तेथे उतरंड रचायला कोपरा उरत नाही. कल्हईवाला गल्लीत येईनासा झाला की पितळी पातेल्यातली आमटी कळकते, आणि भांडे स्वयंपाकातून बाद होऊन माळ्यावर जाते. माळाच नसला तर पुढची पायरी ठरलेली असते. भांडे मोडीत देऊन त्याच्या बदल्यात स्टीलचे घेणे हा व्यवहार महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांनी डोळ्यांदेखत केला आहे. तो तोट्याचा होता असे त्यावेळी कोणालाही वाटले नाही, आणि घासण्या-कल्हईच्या कष्टांतून सुटलेल्या बाईच्या दृष्टीने तो तोट्याचा नव्हताही. स्टीलच्या भांड्याने तिचा रोजचा किमान अर्धा तास वाचवला, हे जुन्या वस्तूंचे भक्त सोयीस्करपणे विसरतात.

तरीही मोडीच्या व्यवहारात एक गोष्ट नाहीशी होते. भंगाराच्या काट्यावर कोरलेल्या नावाची किंमत शून्य असते, ठोक्याच्या कामाची शून्य, वयाचीही शून्य. काट्यावर फक्त धातू असतो. तेच भांडे शहरातल्या शौकिनाच्या हाती आले की उलट होते. कोरलेले नाव आणि साल हाच त्याच्या अस्सलपणाचा दाखला ठरतो आणि त्याच्यासाठीच जास्त पैसे मोजले जातात. म्हणजे विकणाऱ्याच्या आजीचे नाव विकणाऱ्याला काहीच मिळवून देत नाही, तिसऱ्याच माणसाला मिळवून देते.

यात धातूच्या जागतिक भावाचा खेळ मिसळला की वस्तू वाचण्याची शक्यता आणखी घटते. मे 2024 मध्ये लंडनच्या धातुबाजारात तांब्याने टनामागे 11,000 डॉलरची पातळी ओलांडली. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिलाफ, त्यामुळे पितळेचा मोडभावही तांब्याच्या मागोमाग जातो. सामान्य समज असा की जुन्या भांड्यांना भाव आला की ती जपली जातील. प्रत्यक्षात धातूचा भाव चढला की भांडे भट्टीत जाण्याची घाई वाढते, कारण भंगारवाल्याला गिऱ्हाईक शोधत बसावे लागत नाही. वस्तू म्हणून विकायची तर ती घासावी लागते, ठेवायला जागा लागते, सहा महिने वाट पाहावी लागते. भट्टी रोज चालू असते.

कायदाही या दोन वाटांना वेगळे वागवतो. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियमांतील बत्तिसाव्या नियमानुसार, वापरलेली वस्तू स्वरूप न बदलता पुन्हा विकणाऱ्या व्यापाऱ्याला खरेदी आणि विक्रीतल्या फरकावरच कर भरण्याची मुभा आहे. तीच वस्तू भंगार म्हणून गेली तर धातूच्या भंगारावर 18 टक्के कर आहे. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने भंगार घेतल्यास ऑक्टोबर 2024 पासून कर भरण्याची जबाबदारीही घेणाऱ्यावर आली. नवी तांब्या-पितळेची भांडी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आली. कागदावर पाहता जुने भांडे न वितळवता विकणे हाच सर्वांत शहाणा व्यवहार ठरतो. मात्र हा शहाणपणा वापरायला हिशेबाच्या वह्या, नोंदणी आणि दुकान लागते. सवलत आहे ती चोगम रस्त्यासाठी. पांडेसऱ्याच्या गल्लीत हातगाडी घेऊन फिरणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही.

वितळण्यापासून वस्तू वाचवण्याचे मोठे काम आजवर सरकारांपेक्षा झपाटलेल्या माणसांनी केले आहे. गुजरातेतच अहमदाबादच्या सुरेंद्र पटेल यांनी भांडी भंगारात जाताना पाहिली आणि 1981 मध्ये ‘विशाला’ या आपल्या उपाहारगृहाच्या आवारात ‘विचार’ हे भांड्यांचे संग्रहालय उभे केले. पुण्यात दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, पेटाऱ्या, फण्या असल्या घरगुती चिजांतून आपले संग्रहालय घडवले आणि पुढे ते राज्य सरकारला देऊन टाकले. आपल्याकडे बाणावलीत व्हिक्टर ह्युगो गोम्स यांनी ‘गोवा चित्र’साठी मोडकळीस आलेल्या घरांतून रगडे, नांगर, भाण, घाणे जमवले. या तिघांनाही त्यांच्या काळात भंगार गोळा करणारे म्हणून हसणारे भेटले असतील. संग्राहक आणि व्यापारी यांच्यातला फरक मात्र येथेच दिसतो. संग्राहक वस्तू कोणाकडून आली, कशासाठी वापरली जात होती, याची नोंद ठेवतो. व्यापाऱ्याला बहुधा ती नोंद नकोच असते. मूळ घर कळले की मूळ भावही कळतो.

शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंबाबत तर ही नोंद न ठेवणे अंगाशी येऊ शकते. 1972 चा पुरावशेष व कलावस्तू कायदा कारागिरीच्या शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूला पुरावशेष मानतो. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. खुद्द सुरतेचे उदाहरण सदेलीचे. लाकूड, धातू आणि हस्तिदंताच्या बारीक काड्या जुळवून केलेल्या नक्षीच्या पेट्या एकेकाळी सुरतेतून आणि मुंबईतून विलायतेला जात. आज त्यांतली हस्तिदंती पेटी कोणाच्या कपाटात सापडली, तर वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तिची विक्रीच होऊ शकत नाही. गोव्यात जुन्या घरांतील सामान एकगठ्ठा विकणाऱ्या वारसांनी आणि ते उचलणाऱ्या दलालांनी हे दोन्ही कायदे एकदा वाचलेले बरे.

भांड्यांची गोष्ट येथपर्यंत सरळ आहे, कारण ती संपत चाललेली गोष्ट आहे. जुनी भांडी नव्याने जुनी होत नाहीत. गोधडीचे तसे नाही. ती अजून शिवली जाते, आणि म्हणूनच पांडेसऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न तिचा आहे.

गोधडी म्हणजे जुन्या सुती कापडाचे थर. वर-खाली मऊ झालेले लुगडे, मध्ये धोतरे, सदरे, झबली, आणि हे सारे धरून ठेवणारा कडेकडेने आत सरकत जाणारा धावदोरा. वापरून वापरून झिजलेला कापूसच लागतो. कोऱ्या कापडाची गोधडी ताठ राहते, अंगाला लागते. ज्या साडीने खानदेशी माणसाला सुरतेत पोट दिले, त्याच साडीने गोधडीचा हा कच्चा माल संपवला. नायलॉन आणि पॉलिस्टरची साडी आली ती स्वस्त, टिकाऊ, चटकन वाळणारी. शेतात आणि गिरणीत राबणाऱ्या बाईने ती आपलीशी केली यात नवल नाही. पण ती झिजत नाही, घाम शोषत नाही, सुईखाली सरकते, आणि तिचे थर एकमेकांना धरत नाहीत. तिची गोधडी उन्हाळ्यात अंगाला चिकटते आणि हिवाळ्यात ऊब देत नाही. त्यामुळे सुती गोधडी घरातल्या गरजेतून बाजूला पडली. तिच्या जागी कृत्रिम कापूस भरलेली दुलई आली, तीही बहुधा सुरतेच्याच कापडाची.

नेमक्या याच काळात जुन्या सुती साड्यांच्या हातशिलाईच्या पांघरुणांना अमेरिकेत आणि युरोपात गिऱ्हाईक मिळाले. तेथे अशा जवळजवळ सर्वच पांघरुणांना ‘कांथा’ म्हटले जाते. कांथा बंगालची. नक्षी कांथेला पश्चिम बंगालच्या नावाने भौगोलिक निर्देशांकही आहे. खानदेशची गोधडी, कोल्हापूरकडची वाकळ, राजस्थान-कच्छकडची रल्ली आणि गुदडी या सगळ्या त्या एका शब्दाखाली जातात आणि आपापली नावे गमावतात. परातीवरच्या कोरलेल्या नावाचे जे झाले, तेच येथेही झाले.

नाव टिकवल्याने काय होते, हे पाहण्यासाठी गोमंतकीयाला फार दूर जावे लागत नाही. सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बाया ‘कवंदी’ शिवतात. पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून गोव्यात आणल्या गेलेल्या आणि येथून निसटून रानात गेलेल्या गुलामांचे वंशजही या समाजात आहेत, त्यामुळे कवंदीचा इतिहास थोडा आपलाही आहे. तिच्या कोपऱ्यांना घड्यांचे छोटे त्रिकोण लावल्याशिवाय ती पूर्ण झाली असे त्या मानत नाहीत. त्या त्रिकोणांना त्या ‘फुला’ म्हणतात. हेन्री ड्रूअल या अमेरिकी कलाइतिहासकाराने या पांघरुणांचा अभ्यास केला, अमेरिकेत त्यांची प्रदर्शने झाली, आणि कवंदी तिथे कवंदी म्हणूनच ओळखली गेली. वस्तूबरोबर शिवणाऱ्या समाजाचे नाव गेले की भाव ठरवताना त्या समाजाला निदान एक खुर्ची मिळते. खानदेशच्या गोधडीला अशी खुर्ची अजून नाही.

परदेशी गिऱ्हाइकावर विसंबण्यातला धोकाही एकाच वर्षात उघडा पडला. हातशिलाईची वस्तू विकणाऱ्या लहान विक्रेत्याचा माल जहाजाच्या कंटेनरमधून जात नाही. तो टपालाच्या पार्सलाने जातो. 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलाला अमेरिकेत शुल्क नव्हते, आणि याच सवलतीवर घरगुती निर्यातीचा डोलारा उभा होता. 27 ऑगस्ट 2025 रोजी भारतीय मालावरचे अमेरिकी शुल्क 50 टक्क्यांवर गेले आणि 29 ऑगस्टपासून लहान पार्सलांची सवलत रद्द झाली. त्याआधीच, 25 ऑगस्टपासून, भारतीय टपाल खात्याने अमेरिकेसाठीचे बहुतेक टपाल घेणे थांबवले होते. ही सेवा 15 ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली, पण दिवाळीपूर्वीचे सर्वांत मोलाचे आठवडे तोवर निघून गेले होते. सुरतेच्या हिऱ्यांवर शुल्काचा काय परिणाम होईल, यावर देशभर चर्चा झाली. पार्सलातल्या गोधडीवर अग्रलेख कोणी लिहिला नाही, आणि लिहिला नाही याचे आश्चर्यही नाही. जी विक्री कोणत्याच मोजणीत धरली जात नाही, तिची घट मोजणीत कशी येणार?

पांडेसऱ्यातल्या बाईच्या हातात सुई मात्र आजही आहे. ती दुसऱ्याच्या कामाची आहे. रिंग रोडच्या कापडबाजारातून येणाऱ्या साड्यांचे धागे कापणे, टिकल्या चिकटवणे, लेस लावणे, फॉल शिवणे ही कामे दलालामार्फत घरोघरी येतात आणि मजुरी नगावर मिळते. येथे ‘नग’ शब्दाचा अर्थ उलटा होतो. दुकानदाराला नगाचा भाव फायद्याचा, कारण तो भाव तो स्वतः ठरवतो. धागे कापणाऱ्या बाईला नगाची मजुरी तोट्याची, कारण ती दुसरा ठरवतो आणि तिचे तास कोणी मोजत नाही. घरबसल्या कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 177 वा करार 1996 चा. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांपैकी सामाजिक सुरक्षा संहितेत घरबसल्या कामगाराची व्याख्या आहे. ती व्याख्या मजुरीच्या दरापर्यंत पोहोचत नाही.

या कोंडीतून वाट काढल्याचा एक दाखला गुजरातमध्येच घडला आहे, आणि तो गोधडीच्या अगदी जवळचा आहे. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात अहमदाबादच्या दरियापूर भागात गिरण्यांच्या चिंध्या जोडून रजयांच्या खोळी शिवणाऱ्या बायांना इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संघटनेने एकत्र केले. चिंध्या व्यापारी देई आणि खोळी तोच घेई. मजुरी वाढवून मागितल्यावर काम बंद होई. त्या झगड्यातून ‘सबीना’ ही सहकारी संस्था उभी राहिली. तिची खरी मागणी मजुरीपुरती नव्हती. गिरण्यांनी चिंध्या थेट आम्हाला विकाव्यात, असे या बाया म्हणत होत्या. कच्चा माल हाती आल्याशिवाय भाव हाती येत नाही, हे त्यांना पुरेपूर समजले होते.

पांडेसऱ्यात हाच नमुना जसाच्या तसा चालणार नाही, कारण अहमदाबादची चिंधी सुती होती आणि सुरतेची चिंधी कृत्रिम धाग्याची आहे. सुरतेच्या चिंध्यांतून पायपुसणी आणि उशीचे भरण होते. ज्या गोधडीला चांगला भाव मिळतो ती त्यांतून होत नाही. सुती जुने कापड आज आहे ते मुंबई-पुण्याच्या, पणजी-मडगावच्या मध्यमवर्गीय कपाटांत, आणि तेथून ते भांड्यांच्या बदल्यात बोहारणीकडे जाते. म्हणजे पांडेसऱ्यात गोधडीचा सहकार उभा राहायचा असेल, तर त्याचा पहिला करार गिरणीशी होऊन भागणार नाही. तो बोहारणीशी करावा लागेल. शहरातल्या जुन्या कापडाचा सगळा व्यापार जिच्या पाठीवरच्या गाठोड्यात बांधलेला आहे, तिला आजवर कोणत्याच हस्तकला योजनेने भागीदार मानलेले नाही.

आणि अशी गोधडी बाजारात आलीच, तर तिच्यासमोर करात आखलेली एक रेघ आहे. 22 सप्टेंबर 2025 च्या फेरबदलानंतर नगाला 2,500 रुपयांपर्यंतच्या सुती रजईवर 5 टक्के कर आहे, त्यावरच्या किमतीला 18 टक्के. ही रेघ ओढताना महाग रजई म्हणजे श्रीमंताची चैन, असे गृहीत धरले गेले असावे. हाताने धावदोरा घालायला कित्येक आठवडे लागलेल्या गोधडीची किंमत मजुरी धरताच ती रेघ ओलांडते, आणि यंत्रावर तासाभरात निघालेली रजई खालच्या बाजूला निवांत राहते. ज्या विक्रेत्याची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली आहे त्याला हा कर लागत नाही, हे खरे. पण गोधड्या मोठ्या दुकानापर्यंत पोहोचवणारी कोणतीही सहकारी संस्था लवकरच ती मर्यादा ओलांडेल, आणि मग कराचा बोजा टाळायचा तर कमी करता येण्याजोगी एकच गोष्ट तिच्या हाती उरेल. ती म्हणजे शिवणाऱ्या बाईची मजुरी. हातमागाच्या कापडाला आणि अनेक हस्तकलांना करात वेगळी वर्गवारी मिळाली आहे. हातशिलाईच्या पांघरुणालाही ती मिळू शकते, त्यासाठी किमतीच्या रेघेऐवजी बनावटीची अट घालावी लागेल.

हा बदल वस्तू व सेवा कर परिषदेतच होऊ शकतो. त्या परिषदेत राज्यांच्या मतांना मिळून दोन-तृतीयांश वजन आहे आणि ते राज्याराज्यांत समान वाटलेले आहे. गुजरातच्या मताइतकेच मोल गोव्याच्या मताला आहे. सुरतेच्या गिरण्यांचा प्रभाव असलेल्या राज्याने कृत्रिम दुलईशी स्पर्धा करणाऱ्या सुती गोधडीची बाजू मांडावी, ही अपेक्षा फारशी व्यवहार्य नाही. गोव्याला अशी अडचण नाही. हातबनावटीच्या वस्तूंवर पर्यटनाचा मोठा किरकोळ बाजार चालवणारे हे राज्य आहे, हणजुणेच्या बुधवारच्या बाजारापासून हस्तकला महामंडळाच्या ‘अपरांत’ दुकानांपर्यंत. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेसाठी राज्याच्या वित्त खात्याने एक पानी टिपण पाठवले, तरी चर्चेला सुरुवात होईल.